माणूस नांवाचा शत्रु

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फांसे, कागद व कल्पना यांवर चालणारा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत निघाला. एकानें संचालक होऊन प्रसंग रचावे, इतरांनीं वीर व्हावें. त्यांतले राक्षस उत्तम साधतात. माणूस शत्रु म्हणून आला कीं मात्र संचालकांची प्रतिभा आटते.

२०१४ च्या राक्षसग्रंथांतील दरोडेखोर घ्या. दुष्काळ, रोगराई, जुलूम यांमुळें भलीं माणसेंही या मार्गास लागतात, असें तेथें ओझरतें म्हटलें आहे. पण आंकड्यांच्या चौकटींत त्याचा मागमूस नाहीं. प्राणांचे ११ गुण, वांकडी तलवार, आडधनुष्य, संपला माणूस! पोटासाठीं लुटणारा मनुष्य सोबती पडतांच पळेल, कीं जागच्या जागीं मरेल?

१९८१ च्या प्राथमिक पुस्तकांत प्रत्येक शत्रूपुढें धैर्याचा अंक छापलेला असे. पहिला गडी पडला कीं दोन फांसे टाकावे. बेरीज अंकाहून अधिक आली तर शत्रु पळे वा शरण येई. नियम ऐच्छिक होता खरा, पण अंक डोळ्यांपुढें असे. २०१४ च्या चौकटींत तो अंकच नाहीं.

'हा खेळ आहे, नीतिपाठ नव्हे,' असें आमचे तरुण मित्र म्हणतात. मान्य! मीही खेळाच्याच बाजूनें बोलतों. मॅक्बेथनें नेमलेले मारेकरी रंगभूमीवर घटकाभरच येतात. तरी जगानें आपणांस किती गांजलें हें ते सांगून जातात, म्हणूनच त्यांची भीति वाटते. दरोडेखोरासही एक भूक, एक भय व पळावयास एक वाट द्यावी. गेल्या सुट्टींत माझ्या पुतण्यानें असा एक लुटारू रचला. त्यानें तलवार टाकून गुडघे टेकले, आणि आतां याचें करावें काय, यावर आमच्या ओटीवरचे पांच वीर रात्रीं अकरापर्यंत भांडत होते.