कुळाचा दोष आणि कातडीचा रोग

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील गावांतून, लग्नाचे स्थळ पाहताना जमीन, नोकरी आणि नातेगोते यांची चौकशी उघडपणे होते, परंतु एक चौकशी मात्र आवाज उतरवून केली जाते : घराण्यात कुणाच्या अंगावर काही आहे काय? या मोघम प्रश्नात कोड येते, महारोग येतो, आणि कोपर, गुडघे व डोके यांवर लालसर चट्टे उठून त्यांवरून रुपेरी पापुद्रे सुटणारा सोरायसिसही येतो. मग मुलीच्या आईच्या कोपरावरील चट्ट्यासाठी मुलीचे स्थळ परत जाते. आणि ‘हे कुळाचेच असते, शास्त्रात तसे लिहिलेले आहे’ असा आयुर्वेदाचा हवाला त्या निवाड्यास जोडला जातो. शास्त्रात काय लिहिले आहे ते पुरते न वाचता दिलेला हा हवाला आहे, आणि त्यापायी निरपराध मुलामुलींचे नुकसान होते, म्हणून त्याचा समाचार घेणे मला अगत्याचे वाटते.

चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार मानले : सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांतील एककुष्ठ हे घाम न येणारे, विस्तीर्ण जागा व्यापणारे आणि माशाच्या खवल्यांप्रमाणे दिसणारे म्हणून वर्णिले आहे. आजचे बहुतेक वैद्य सोरायसिसची गाठ याच्याशी घालतात, काही किटिभ कुष्ठाशी घालतात. परंतु ज्या महारोगाने बोटे झडतात त्याची लक्षणेही याच कुष्ठवर्गात सापडतात, आणि सुश्रुताने स्पर्श, सहभोजन, एकत्र शय्या व वस्त्रे यांतून संक्रांत होणाऱ्या रोगांत सबंध कुष्ठच गणले आहे. वर्गातील एका रोगास लागू पडणारे विधान दुसऱ्याच्या माथी बसले ते असे. हा घोटाळा आपल्याकडेच झाला असेही नाही. युरोपातही हे दोन रोग दीर्घकाळ एकमेकांत मिसळलेले होते, आणि व्हिएन्नाचा त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा याने 1841 मध्ये ते स्पष्टपणे वेगळे केले. सोरायसिस स्पर्शाने होत नाही. त्यात जंतू नाही. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच भडकून कातडीच्या पेशी, ज्यांना वर येण्यास सुमारे महिना लागावा, त्या काही दिवसांतच वर ढकलते. आणि ज्या महारोगाच्या नावाने ही भीती पिढ्यान्पिढ्या चालत आली, तोही आता औषधाने पूर्ण बरा होतो व 2019 च्या कायद्याने घटस्फोटाचे कारण म्हणूनही उरलेला नाही.

आता आनुवंशिकतेचा मुख्य मुद्दा. सुश्रुताने रोगांचे वर्गीकरण करताना आदिबलप्रवृत्त असा एक वर्ग सांगितला, म्हणजे मातापित्यांच्या शुक्रशोणितातील दोषांतून येणारे रोग, आणि त्याचे पहिलेच उदाहरण कुष्ठाचे दिले. स्थळ नाकारणाऱ्याचे वाचन, ते झालेच असेल तर, येथे थांबते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील तिसरा अध्याय मात्र त्याने उघडलेला नसतो. तेथे भरद्वाज गुरू आत्रेयांस अडवतो, की मनुष्य जर मनुष्यापासूनच उत्पन्न होत असेल, तर आंधळे, मुके, कुबडे, कुष्ठी अशा मातापित्यांची अपत्ये त्यांच्यासारखीच का निपजत नाहीत? आत्रेय हा आक्षेप उडवून लावीत नाहीत. बीजाचा जो भाग दूषित झाला असेल त्याच भागापासून घडणाऱ्या अवयवात विकृती येते आणि तो भाग दूषित नसेल तर येत नाही, सबब दोन्ही गोष्टी संभवतात, असे त्यांचे उत्तर आहे. सूक्ष्मदर्शक यंत्राचे नावही नसलेल्या काळात बीज आणि बीजभाग असा भेद करून, पित्याचा रोग पुत्रास होईलच असे नव्हे हे ज्या परंपरेने युक्तिवादाने मांडले, तिच्याच नावावर आज आईच्या चट्ट्याची शिक्षा मुलीस दिली जावी, याची मला मनापासून खंत वाटते.

आजचे जनुकशास्त्र याहून फार वेगळे सांगत नाही. सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाचा या रोगाशी सर्वांत निकटचा संबंध आढळला आहे, त्याखेरीज इतर अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे. आणि आईबापांपैकी एकास सोरायसिस असेल तर अपत्यास तो होण्याचा संभव साधारणतः शंभरात चौदा, दोघांसही असेल तर सुमारे चाळीस, असा वारंवार दिला जाणारा अंदाज आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांतही एकास रोग होतो आणि दुसरा अनेकदा निरोगी राहतो. कुळाकडून येतो तो कल; त्या कलास रोगाचे रूप देण्यास घशाचा संसर्ग, मनस्ताप, दारू, तंबाखू, काही औषधे, अशी निमित्ते लागतात.

या ठिकाणी शास्त्राची विरुद्ध बाजूही दडवून चालणार नाही. प्रमेहाच्या अध्यायात चरकाने कुलज विकार असाध्य म्हटले आहेत, आणि कुष्ठाच्या हेतूंत विरुद्ध आहाराबरोबर पापकर्मही गणले आहे. त्यांपैकी पापकर्माचा हेतू आज वैद्यांनी निःसंकोच टाकून द्यावा, कारण आधीच खाजेने आणि लोकांच्या नजरेने त्रासलेल्या माणसावर अपराधाचे ओझे ठेवण्याखेरीज त्याचा काही उपयोग नाही. विरुद्ध आहाराचा, म्हणजे दुधाबरोबर मासे खाल्ल्याचा, ठपकाही आपल्याकडे नेहमी घरातील बाईवरच येतो. असाध्यतेचा मजकूर मात्र लक्षात ठेवावा, कारण आजचे वैद्यकही हा रोग आटोक्यात ठेवता येतो, समूळ जात नाही, असेच म्हणते. मग ‘मुळापासून कायमचा इलाज’ अशी जाहिरात करणारा कोणत्या शास्त्राच्या आधारे बोलतो? अशांच्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. चट्टे आठवड्यात मावळतात, पुडी बंद होताच रोग दुपटीने उसळतो, आणि क्वचित सर्वांग लाल होऊन जिवावर बेतते.

कुष्ठघ्न द्रव्यांत चरकाने खैर श्रेष्ठ मानला, आणि तो खैर याच डोंगरउतारांवरचा. त्याचे लाकूड उकळून कात काढणे हा येथील कातकऱ्यांचा परंपरागत धंदा. खदिर, तिक्त घृते, वमन, विरेचन यांची योजना शिकलेल्या वैद्याने करावी, रोग्यानेही ती चर्मरोगतज्ज्ञापासून लपवू नये, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत. पण वैद्यमंडळींकडे माझे मागणे याहून साधे आहे : रोग्याच्या कागदावर नुसते ‘कुष्ठ’ लिहू नका, सोरायसिस लिहा, आणि सोबत आलेल्या नातेवाइकांस हा स्पर्शाने होत नाही हे समोर बसवून सांगा.

ज्या घरात हा रोग आहे त्या घराने लपवाछपवीत जाणारी शक्ती मुलांकडे लक्ष देण्यात खर्चावी. घसा धरून ताप आल्यानंतर दोनतीन आठवड्यांत मुलाच्या अंगावर थेंबांसारखे लाल ठिपके उठले, मोठ्यांच्या नखांवर बारीक खळगे पडू लागले, किंवा सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडून अर्धा तास मोकळे होईनासे झाले, तर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात अथवा जवळच्या डॉक्टरांकडे दाखवून घरातील सोरायसिसची हकीकत त्यांना आपण होऊन सांगावी. सांध्यांत शिरलेला हा रोग उशिरा कळला तर बोटे कायमची वाकडी होतात, आणि वेळीच कळला तर ते टाळण्याची औषधे आज आहेत.