सक्ती सैलावली, जबाबदारी वाढली

किनवट हा नांदेड जिल्ह्याचा तेलंगणला भिडलेला तालुका. पैनगंगेकाठचा हा टापू कापसाचा, आणि आदिलाबादची बाजारपेठ इथून जवळची. अशा छोट्या बाजारपेठांत सनदी लेखापालाची आठवण बहुधा विवरणपत्राची मुदत जवळ आली, की होते. वर्षभराच्या पावत्या त्याच्यापुढे ठेवायच्या आणि कर कमीत कमी बसवून घ्यायचा, एवढेच त्याचे काम समजले जाते. हा समज व्यापाऱ्याला महागात पडणारा आहे.

कापसाचेच उदाहरण घ्यावे. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतल्यास त्यावरील वस्तू व सेवा कर नोव्हेंबर २०१७ पासून खरेदीदार व्यापाऱ्यालाच भरावा लागतो. ५ टक्के कर आधी रोखीच्या खात्यातून भरायचा आणि मग त्याची वजावट घ्यायची. म्हणजे १ कोटीच्या खरेदीवर ५ लाख रुपये काही काळ अडकणार. ऐन हंगामातील खेळत्या भांडवलाचे हे गणित खरेदीपूर्वीच मांडावे लागते.

रोखीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकराच्या लेखापरीक्षणाची मर्यादा १० कोटींपर्यंत वाढवली. पण रोखीची जमा आणि रोखीचा खर्च प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आत असेल तरच. एरवी ती सर्वसाधारणपणे १ कोटीच आहे. शेतकऱ्याला कापसाचे पैसे रोख देणे नियमबाह्य नसले, तरी त्यामुळे ही सवलत हातची जाऊ शकते. त्याच वर्षी वस्तू व सेवा कराच्या वार्षिक ताळमेळावरील सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्राची सक्तीही संपली. आता व्यापाऱ्याने स्वतःच ग्वाही द्यायची आहे. सक्ती गेली, तशी चूक वेळीच दाखवणारी नजरही दूर गेली.

अर्थात, सनदी लेखापालाची सही केवळ अशिलासाठी नसते. कर्ज देणारी बँक तिच्यावर विसंबते. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’चा ७ हजार कोटींहून मोठा गैरव्यवहार उघड झाला, तेव्हा लेखापरीक्षकांच्या विश्वासार्हतेवरच प्रश्नचिन्ह उमटले. पुढे २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आले. पण त्याची नजर सूचिबद्ध व मोठ्या कंपन्यांवर आहे. तालुक्याच्या गावातील भागीदारी पेढी तिच्या कक्षेत येत नाही. २०१९ पासून सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. सही खरी की बनावट, हे त्यावरून कळते. गोदामातील साठा खरा की कागदावरचा, हे कळत नाही.

म्हणूनच वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणणारा सनदी लेखापाल व्यवसायाचा खरा हितचिंतक ठरतो. त्याचा सल्ला हंगामाच्या आरंभी घ्यायला हवा, मुदत संपताना नव्हे. कारण पेढी बुडाली, तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. उधारीवर कापूस घालणाऱ्या शेतकऱ्याचे वर्षही तिच्याबरोबर बुडते.