विश्लेषण : ऑटोक्रॉसमध्ये गाडी उलटली, तर विम्याचे पैसे मिळतात का?

मोकळ्या मैदानात आखलेला मातीचा ट्रॅक, हेल्मेट घातलेला चालक आणि एरवी ऑफिसला नेली जाणारी हॅचबॅक. हौशी चालकांसाठी ऑटोक्रॉस हा मोटारस्पोर्टचा तुलनेने स्वस्त दरवाजा आहे, कारण वेगळी रेसिंग कार लागतेच असे नाही. पण वळणावर गाडी उलटली, तर ‘फुल इन्शुरन्स’ कामी येतो का? भारतातील नेहमीच्या पॉलिसीत याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच आहे.

पॉलिसीत काय लिहिलेले असते?

खासगी कारच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ नावाचा भाग असतो. गाडी कोणत्या कामासाठी वापरली तर विमा लागू होणार नाही, याची यादी त्यात असते. भाड्याने देणे, मालवाहतूक यांच्याबरोबरच आयोजित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल ही नावेही तिथे आढळतात. झीरो डेप किंवा इंजिन प्रोटेक्ट घेतले असले तरी ही अट हटत नाही. मूळ क्लेमच नाकारला गेला, तर अ‍ॅड-ऑनचा उपयोग राहत नाही.

‘आम्ही रेस करत नव्हतो’ हे चालते का?

ऑटोक्रॉसमध्ये बहुधा एका वेळी एकच गाडी धावते आणि स्पर्धा घड्याळाशी असते. त्यामुळे ही शर्यत नव्हे, कौशल्याची चाचणी आहे, असा युक्तिवाद होतो. अडचण अशी की यादीत स्पीड टेस्टिंगही आहे. प्रवेश अर्ज, गाडीवरचा क्रमांक, नोंदवलेली वेळ आणि निकालपत्रक असेल, तर हा घरगुती वापर होता हे पटवणे अवघड जाते.

स्पर्धेला जाताना किंवा परतताना रस्त्यावर अपघात झाला, तर तो नेहमीचा वापर मानला जातो. प्रश्न ट्रॅकवरच्या वेळेचा आहे.

प्रेक्षक जखमी झाला तर?

सगळ्यात मोठी जोखीम इथे आहे. गाडीचे नुकसान फार तर गाडीच्या किमतीएवढे असते. जखमी माणसाच्या भरपाईला तशी मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० नुसार, आयोजित शर्यत किंवा स्पीड टेस्टिंगसाठी वापर करू नये ही अट मोडली गेली, तर विमा कंपनी थर्ड पार्टी दाव्यातही तो बचाव घेऊ शकते. तो मान्य झाल्यास भरपाईचा भार चालक-मालकावर येऊ शकतो. मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही वापराची हीच अट आडवी येऊ शकते.

परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा तर कलम १८९ खाली गुन्हाच आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जादा हप्ता भरून संरक्षण मिळते का?

काही प्रमाणात. भारतीय मोटर टॅरिफमध्ये ‘आयएमटी ३१’ ही रॅली आणि रिलायबिलिटी ट्रायलसाठीची जोडणी आहे. त्यात स्पर्धेचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहावी लागते. मात्र तिच्या शब्दांतही शर्यत, पेस मेकिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेले आहे. गाडीत बसलेल्यांच्या इजेची जबाबदारीही ती घेत नाही, म्हणजे शेजारी बसलेला नॅव्हिगेटर त्यातून बाहेर. त्यामुळे ‘रॅली कव्हर घेतले’ एवढ्यावर ऑटोक्रॉसला निघणे धोक्याचे.

अमेरिकेत काय होते?

तिथे ऑटोक्रॉस अनेकदा मोठ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून होते. तिथल्या अनेक पॉलिसींत ‘शर्यतीसाठी बांधलेल्या जागेत’ स्पर्धा किंवा सराव करताना झालेले नुकसान वगळलेले असते. पार्किंग ही तशी जागा आहे का, यावर वादाला वाव राहतो. आपल्याकडची अट जागेवर नव्हे, वापरावर बोट ठेवते. म्हणून तिकडच्या यूट्यूब व्हिडीओतला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

‘रस्त्यावर धडकली’ असे सांगितले तर?

हा मोह सगळ्यात महागात पडतो. सर्व्हेअर गाडीवरची माती, मोडतोडीची दिशा आणि ठिकाण पाहतो. मित्राने टाकलेले रील तर तारखेसह पुरावा ठरते. खोटे उघड झाल्यास क्लेम जातोच, शिवाय फसवणुकीची तक्रारही होऊ शकते. गाडी कर्जावर असेल, तर ईएमआय मात्र चालूच राहतो.

मग नाव नोंदवण्याआधी काय करावे?

- विमा कंपनीला स्पर्धेचे स्वरूप ईमेलने कळवून लेखी उत्तर घ्यावे. एजंटचे तोंडी ‘चालतंय हो’ पुरेसे नाही.
- स्पर्धा एफएमएससीआय या राष्ट्रीय मोटारस्पोर्ट महासंघाच्या परवान्याने होते का, हे पाहावे.
- आयोजकांनी प्रेक्षकांसाठी दायित्व विमा आणि चालकांसाठी अपघात विमा घेतला आहे का, त्याची प्रत मागावी.
- रोल केज बसवणे, सीट काढणे असे बदल आरटीओ आणि विमा कंपनीपासून लपवू नयेत.
- क्लेम चुकीने नाकारला असे वाटल्यास आधी कंपनीकडे तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत.

हे सगळे करूनही गाडीच्या नुकसानीला संरक्षण मिळाले नाही, तर हिशेब सरळ आहे: जी गाडी स्वतःच्या खिशातून दुरुस्त करणे परवडेल, तीच ट्रॅकवर उतरवावी.