चिठ्ठी कोणीं लिहावी ?

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांस रोग्याला औषधाची चिठ्ठी लिहून देण्याची मुभा असावी, असें म्हणणारे लोक आमच्या छत्रपती संभाजीनगरांतही भेटतात. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: डॉक्टर खेड्यांत राहात नाहीं, औषधाचें दुकान मात्र प्रत्येक बाजारच्या गांवीं असतें, आणि औषधांचे गुणधर्म जो वर्षानुवर्षें शिकतो, त्यानेंच तीं लिहून दिलीं तर बिघडलें कोठें? हा प्रश्न हंसून उडवून लावण्याजोगा नाहीं. परंतु त्याचें जें उत्तर हा पक्ष देतो, तें आम्हांस सर्वथा अमान्य आहे.

प्रथम विरुद्ध पक्षाचें जें खरें आहे तें देऊन टाकूं. पदवीचा अभ्यास चार वर्षांचा. २००८ पासून सुरू झालेला ‘फार्म. डी.’ चा तर सहा वर्षांचा, व त्यांतील शेवटचें वर्ष रुग्णालयांत काढावयाचें. कोणत्या दोन औषधांचें परस्परांशीं वांकडें आहे, मूत्रपिंड दुबळें असतां मात्रा किती उतरवावी, हें असा विद्यार्थी कित्येक डॉक्टरांहून अधिक नेमकें सांगेल. पण चिठ्ठी ही निदानाची शेवटची ओळ आहे. आधींचीं पानें कोरीं ठेवून ती लिहितां येत नाहीं. कन्नड किंवा सिल्लोड तालुक्यांतील एखादा शेतकरी तीन आठवडे खोकत आहे असें समजा. त्यास लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या, तर कांहीं दिवस बरें वाटेल. आणि खोकला क्षयाचा असेल तर तेवढ्यापुरता तो दबून निदान लांबेल. तोंवर त्याच घरांत नातवंडें त्याच्या अंगाखांद्यावर खेळत असतील ! विद्यार्थ्यास त्या गोळीचा गुण न् गुण पाठ होता. त्या छातींत काय आहे, हें ओळखावयास त्याला कोणीं शिकविलें नव्हतें.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. लिहिणारा हात आणि पैसे घेणारा हात एक नसावा, हें तत्त्व जुनें आहे. दुसऱ्या फ्रेडरिक बादशहानें १२४० च्या सुमारास सिसिलीच्या राज्यांत वैद्य व औषध बनविणारा यांचे धंदे कायद्यानें वेगळे केले. आमच्याकडील १९४८ चा फार्मसी कायदाही हीच वांटणी धरून चालतो: चिठ्ठी वैद्यकव्यवसायीची, तीवरून औषध देण्याचें काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टाचें.

यावर इंग्लंडचा दाखला पुढें केला जातो. तेथील औषधविक्यांस १७०४ सालीं उमरावांच्या सभेनें रोग्यास सल्ला देण्याची मोकळीक दिली, हें खरें. पण सल्ल्याची फी घेतां येईना, औषधाचीच किंमत घेतां येई. मग बाटल्यांची संख्या वाढावी यांत नवल तें काय? पुढें १८१५ च्या कायद्यानें उमेदवारी आणि परीक्षा सक्तीच्या झाल्या. आज ब्रिटनमध्यें फार्मासिस्ट चिठ्ठी लिहितो, तीही २००६ पासून, व अनुभवी लेखकाच्या देखरेखीखालीं रोगी तपासण्याचें शिक्षण घेऊन. नोंदणी होण्यापूर्वीं विद्यार्थ्यास तो अधिकार तेथेंही नाहीं.

“आज दुकानांत हेंच चाललें आहे, मग कायदेशीर कां करूं नये?” हा शेवटचा युक्तिवाद. भिंतीवर एकाचें प्रमाणपत्र टांगलेलें, तो मनुष्य दुसऱ्याच गांवीं, आणि गल्ल्यावरचा पोरगा दोन दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या कात्रीनें कापून देतो, हें आम्हांसही दिसतें. मार्च २०१४ पासून अशा कित्येक औषधांची विक्री रोग्याच्या व डॉक्टरच्या नांवानिशीं वहींत नोंदून ती वही तीन वर्षें जपण्याचा नियम आहे. तो पाळवून घ्यावा. चोऱ्या फार होतात म्हणून चोरीस व्यापार म्हणण्याची चाल शहाण्यांत नाहीं.

डॉक्टरवर्गानेंही यांत फार आनंद मानूं नये. महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपाथांस अॅलोपाथीचीं औषधें लिहिण्याची वाट करून दिली. २०२५ सालीं त्यांच्या नोंदणीचा प्रश्न निघतांच डॉक्टरांनीं मोठा विरोध केला. विरोधाचें कारण आम्हांस पटतें. पण खेड्यांतील डॉक्टरची रिकामी खुर्ची निषेधानें भरत नाहीं, आणि ती रिकामी आहे तोंवर अशा मागण्या उठतच राहाणार.

मग विद्यार्थ्यास कांहींच देऊं नये काय ? द्यावें, आणि पुष्कळ द्यावें. १९५६ पासून चाललेल्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणीं त्यास डॉक्टरांबरोबर खाटेखाटेपाशीं उभें करावें. चिठ्ठींत दोष दिसल्यास तो लेखी नोंदविण्याचा हक्क द्यावा, व डॉक्टरनें त्यास लेखी उत्तर देण्याचें बंधन घालावें. पदवी आणि वेगळें शिक्षण झाल्यावर, विक्रीशीं संबंध नसलेल्या पगारी जागेवर, निदान झालेल्या रक्तदाबाचें वा मधुमेहाचें औषध चालू ठेवण्याचें काम त्याच्याकडे खुशाल सोंपवावें. चुकीची चिठ्ठी अडविणारा मनुष्य आज आम्हांस हवा आहे. चुकीची चिठ्ठी लिहिणाऱ्यांची वाण कधींच नव्हती.