चर्चच्या जमिनीत आपलं काय?

यंदा चतुर्थीला माटोळी बांधताना मुंबईहून आलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, तुम्ही म्हणे चर्चच्या जमिनीत गवत काढायला जाता? आपल्या लोकांना दुसरी कामं नाहीत का?" त्याच्या हातात घागऱ्यांचा घोस होता. तो कुठून आला हे त्याला ठाऊक नव्हतं. चर्चमागच्या डोंगरीवरून. कांगलां तिथलीच, आंबाडे तिथलेच. माझे वडीलही तिथूनच आणायचे, कुणालाही न विचारता.

सणाचा दिवस म्हणून गप्प बसलो. आता बोलतो, कारण तोच प्रश्न गावातही काहीजण विचारायला लागलेत आणि जरा मोठ्या आवाजात.

आमचं गाव साष्टीतलं, नदीकाठचं. घरात कोंकणी, वाचायला-लिहायला मराठी, पिढ्यान्‌पिढ्या. चर्चच्या खालच्या अंगाला एक तळी, एक मोकळा माळ आणि खाजन शेतीचा पट्टा आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर फाब्रिकाचं नाव. त्याबद्दल वाद नाही. माझ्या लहानपणी कापणी झाली की तिथे फुटबॉल, मे महिन्यात तियात्राचा मंच, आणि आमच्या मंडळाचं मराठी नाटकसुद्धा तिथेच. पडद्याचे वासे कोपेलाच्या पडवीतून यायचे. मग कसणाऱ्यांची मुलं बोटीवर गेली, आखातात गेली, शेत पडीक पडलं. पुढचं सांगायला नको. घर पाडल्याचा राडारोडा, दारूच्या बाटल्या, तळीत प्लास्टिक.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मिस आटोपल्यावर काही तरुण पोरं कोयते घेऊन उतरली. आम्ही गेलो ते बंधुभाव वगैरे दाखवायला नाही. मानशीच्या फळ्या कुजल्या होत्या आणि भरतीचं खारं पाणी आत शिरलं की पहिली आमची मेर बुडते. एकदा खार चढली की ती धुऊन जायला पावसाळे जातात, तोवर कोरगूट सोडून दुसरं भात टिकत नाही. बांध चर्चच्या हद्दीत, नुकसान आमच्या हद्दीत. स्वार्थ म्हणा. गावकारी अशाच स्वार्थातून उभी राहिली. पोर्तुगीज आले तेव्हा ती जुनी झालेली होती, 1526 च्या फोरालात त्यांनी तिचे रिवाज नुसते लिहून घेतले.

आता पुतण्याचा दुसरा मुद्दा, जो त्याला हुकमाचा एक्का वाटतो: "ती जागा मुळात आपल्या देवळाची." आमच्या तळीवर देऊळ होतं की नाही त्याचा कागद मी पाहिलेला नाही. पण साष्टीतली देवळं 1567 साली पाडली हे खरं आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. हा इतिहास मी विसरलेलो नाही आणि कुणी मला तो विसरायला सांगू नये. पण देव घेऊन नदी ओलांडली ते जसे गावकार, तसे मागे राहून बाप्तिस्मा घेतला तेही गावकारच. वांगडं तीच, जोणही चालूच राहिला. कुंकळ्ळीत जाऊन बघा. देवी फातर्प्याला गेली, तरी छत्र्यांच्या उत्सवात ती जुन्या गावात परत येते तेव्हा बारा वांगडांच्या छत्र्या असतात आणि ख्रिस्ती वांगडी तिच्या स्वागताला उभे असतात. (मापशाच्या मिलाग्र सायबिणीचं आणि लईराईचं उदाहरण मुद्दाम देत नाही, भाषणांत घासून घासून ते गुळगुळीत झालंय.) जी माणसं त्या अन्यायाच्या काळात इथेच राहिली, त्यांच्या नातवंडांच्या शेतात खारं पाणी सोडून त्या अन्यायाची कसली भरपाई होणार?

आणि एक कडू गोष्ट. आपल्या देवस्थानांच्या जमिनींवर गावाचा किती हक्क आहे? महाजनांच्या यादीत नाव असेल तर विचारायचं, नसेल तर तीर्थ घेऊन घरी जायचं. आमच्या घराचं नाव यादीत आहे म्हणून मी हे बोलू शकतो. ज्यांचं नाही, त्यांची पोरं आज चर्चच्या माळावर खेळतात, देवळाच्या आवारात नाही. हे आधी सोडवू या, मग दुसऱ्याच्या उताऱ्यात डोकावू.

तिकडच्या मंडळींनाही सोडत नाही. माळ स्वच्छ झाल्याबरोबर त्यांच्यातल्या काहींना त्यावर भाड्याचा हॉल दिसायला लागला. पेव्हर ब्लॉक, पार्किंग, फाटक. ह्याला म्हणे सुशोभीकरण. कचरा होता तेव्हा कुणाला फाटक सुचलं नाही! त्यांच्या बैठकीत मी स्पष्ट सांगितलं: मालकी तुमची, आम्हाला उताऱ्यावर नाव नको, पण वाट, तळी आणि माळ बंद केलात तर बांधावर यायला माणूस मिळणार नाही. दोन म्हाताऱ्या बायकांनी मान डोलावली. विगार पाद्री काही बोलले नाहीत, पण फाटकाचा विषय त्या दिवशी पुढे ढकलला गेला. अजून तिथेच आहे.

येत्या रविवारी मानशीच्या उरलेल्या चार फळ्या बदलायच्या आहेत. ओहोटी सकाळी आहे, म्हणून मिसच्या आधीच उतरायचं ठरलंय. पुतण्याला फोन केला होता. रजा नाही म्हणाला. मग म्हणाला, "काका, फळ्यांना पैसे किती लागले?"