वांगणीच्या कसोटीवर स्वस्त स्मार्टफोन

२०२१च्या दिवाळीत ‘जिओफोन नेक्स्ट’ बाजारात आला, तेव्हा सारी चर्चा ६,४९९ रुपये या किमतीभोवती फिरली. ५.४५ इंची पडदा, २ जीबी रॅम, ‘प्रगती’ नावाची प्रणाली. (नाव स्वदेशी, गाभा अँड्रॉइडचा, ते असो.) स्पर्धेत नोकियाचा ५,९९९ रुपयांचा ‘सी०१ प्लस’ आणि शाओमीचे रेडमी. तुलनेचे तक्ते झाले. त्यांत वांगणी कुणालाच आठवली नाही.

बदलापूरच्या पुढचे हे स्थानक. घरभाडे परवडते म्हणून अनेक अंध कुटुंबे येथे स्थिरावली आणि लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून चरितार्थ चालवू लागली. १७ एप्रिल २०२१ रोजी रुळांवर पडलेल्या मुलाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी येत्या गाडीसमोरून उचलले, तेव्हा देशाने हे नाव ऐकले. त्या मुलाची आई दृष्टिहीन होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी या फोनची घोषणा झाली.

पडद्यावरील मजकूर वाचून दाखवण्याची त्यातील सोय स्तुत्यच. परंतु ती मुळात डोळस, पण अक्षरओळख नसलेल्या माणसासाठी. अंधाला हवे असते ते बोट ठेवताच त्या जागी काय आहे ते सांगणारे ‘टॉकबॅक’. ते अँड्रॉइडवर २००९मध्येच आले. त्याच वर्षी आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आले. पण डब्यात कंगवे विकणाऱ्याने आयफोन घ्यायचा कसा?

खरा प्रतिस्पर्धी शाओमी नव्हेच, तर जुना बटणांचा फोन. त्याच्या पाचच्या आकड्यावर बारीक उंचवटा असतो. अंगठा तेथे टेकला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. गुळगुळीत काचेवर टेकायचे कशाला?

तरीही स्मार्टफोन ही त्याची चैन नव्हे. २०१६च्या नोटाबंदीनंतर नोटांचे आकार बदलले आणि बोटांची वर्षानुवर्षांची ओळख मोडली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे ॲप दिले. कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट कितीची, हे ते इंटरनेटविना सांगते. म्हणजे कॅमेरा हवा, स्पष्ट आवाज हवा आणि वेगही हवा. दुकानदाराने अंध गिऱ्हाइकाला टॉकबॅक चालू करून फोन हाती द्यावा, एवढी साधी रीतही आपल्याकडे रुजलेली नाही. २ जीबी रॅमवर टॉकबॅक, ‘मनी’ आणि पैसे घेण्याचे ॲप एकापाठोपाठ उघडताना फोन अडखळला, तर कर्जत लोकलमधले गिऱ्हाईक पुढच्या स्थानकावर उतरून गेलेले असते.