पडद्यावरचे व्याख्यान आणि रुग्णशय्या

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच वेळी उद्घाटन झाले. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, जालना, बुलढाणा ही नावे त्या यादीत होती, ही विशेष समाधानाची गोष्ट. ज्या जिल्ह्यांतील रुग्ण आजवर नागपूर वा छत्रपती संभाजीनगरची वाट धरत आले, तेथेच आता डॉक्टर घडणार आहेत. देशभरात २०१४ साली ३८७ असलेली वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या आता साडेसातशेच्या पुढे गेली आहे. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. शरीररचनाशास्त्राचा मुरलेला प्राध्यापक मात्र निविदा काढून मिळत नाही. त्यातून आडजिल्ह्यात जाण्यास अनुभवी अध्यापक फारसे राजी नसतात, हे उघड गुपित आहे. मग वाशीमच्या विद्यार्थ्याला शिकवायचे कोणी?

विद्यार्थ्यांनी आपल्यापुरते उत्तर केव्हाच शोधले आहे. खासगी शिकवणी कंपन्यांची ॲप्स त्यांच्या भ्रमणध्वनीत असतात आणि शरीरक्रियाशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंत सारे काही तेथे व्याख्यानरूपाने मिळते. पुढच्या शिक्षणाची जागा ठरते ती ‘नीट-पीजी’च्या दोनशे बहुपर्यायी प्रश्नांवर. तेव्हा सकाळच्या तासाला मागच्या बाकावर बसून कानात यंत्र घालणाऱ्या मुलाला दोष तरी कसा द्यावा? त्याचा हिशेब चोख आहे. खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. गुणवत्तेच्या बळावर शासकीय महाविद्यालयात आलेल्या शेतकऱ्याच्या मुलालाही हे दुसरे शुल्क भरावे लागते. शिकवण्याचे काम कंपनीने करायचे आणि महाविद्यालयाने हजेरी घ्यायची, अशी ही वाटणी होऊन बसली आहे.

ही वाटणी मोडायची तर ऑनलाईन साधनांकडे नाक मुरडून चालणार नाही. ती शासनाने आणि विद्यापीठाने स्वतः हाती घ्यावयास हवीत. अभियांत्रिकीसाठी आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘एनपीटीईएल’द्वारे २००३ पासून तयार होऊ लागली, २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ उभे राहिले. वैद्यकातही उदाहरण आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने संशोधनपद्धतीचा ऑनलाईन अभ्यासक्रम सिद्ध केला आणि तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांना व अध्यापकांना अनिवार्य झाला. जे संशोधनपद्धतीबाबत जमले, ते विकृतिशास्त्राबाबत का जमू नये? १८४५ साली स्थापन झालेले मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि कालपरवाचे हिंगोलीचे महाविद्यालय नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली नांदतात. मुंबई-पुण्या-नागपूरच्या नामांकित अध्यापकांची व्याख्याने नीट चित्रित करून हिंगोलीच्या मुलाला विनामूल्य देणे, हे त्या विद्यापीठाचे स्वाभाविक कर्तव्य ठरते.

येथेच सावध व्हावयास हवे. व्याख्याने पडद्यावर मिळू लागली की अध्यापकांच्या रिक्त जागा भरण्याची निकड कोणाला वाटेल? काटकसरीच्या नावाखाली हा मोह सचिवालयाला होईल आणि खासगी संस्थाचालकांना तर निश्चितच होईल. महासाथीने व युद्धाने पडद्याची मर्यादा स्पष्ट दाखवून दिली आहे. चीन व युक्रेनमधून परतलेल्या ज्या विद्यार्थ्यांचे शेवटच्या काळातील शिक्षण ऑनलाईन झाले होते, त्यांच्यासाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये दोन वर्षांच्या आंतरवासितेची अट घातली. मुलांच्या दृष्टीने ती कठोर होती, पण रुग्णाच्या दृष्टीने दुसरा मार्ग नव्हता. यकृत वाढल्याचे चित्र हजारदा पाहिले, तरी ते बोटांना लागत नाही.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे सराव या विषयाला स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव भोपळ्यावर व काकडीवर, वेध घेण्याचा मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर, पट्टी बांधण्याचा मनुष्याकृती पुतळ्यावर करावा, असे तेथे तपशीलवार सांगितले आहे. ग्रंथ कितीही पचवले, पण असा सराव केला नाही, तर तो शिष्य प्रत्यक्ष कर्माला अपात्रच, असा सुश्रुताचा निर्वाळा आहे. पडद्यावरचे व्याख्यान हाही एक ग्रंथच म्हणायचा. थोडा बोलका, इतकेच.

म्हणून अट एकच असावी. व्याख्यान घरी ऐकून वाचलेला प्रत्येक तास वॉर्डात खर्च झाला पाहिजे आणि वेळापत्रकात तो तसा लिहिलेला असला पाहिजे. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने व्याख्यानांचा वाटा एक तृतीयांशावर मर्यादित केला आणि पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेण्याचे ठरवले. नियम चांगला आहे. तो पाळायला खाटेजवळ उभा राहणारा अध्यापक हवा, आणि त्याची पूर्णवेळ नेमणूक हवी.

राहिला प्रश्न पडद्यावर काय दाखवायचे याचा. परदेशी चित्रफिती देखण्या असतात. पण त्यांतला रुग्ण आपला नसतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत असताना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून त्याची लक्षणे टिपली, प्रॅझोसिनचा उपचार पुढे आणला आणि ‘लॅन्सेट’ने त्यांचे लेखन छापले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंश, सर्पदंश, गडचिरोली-नंदुरबारचा सिकलसेल यांचे पाठ येथल्याच अध्यापकांनी येथल्याच रुग्णालयांत तयार करावयाचे आहेत.

आणि भाषा? शास्त्राचे शिक्षण इंग्रजीत चालते, रुग्ण मात्र मराठीत, अहिराणीत, गोंडीत कण्हतो. ‘जीव घाबरा होतो’ असे म्हाताऱ्या आजीने सांगितले, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते, रक्तातील साखर उतरलेली असू शकते किंवा मुलगा दोन वर्षांत घरी आला नाही एवढेच असू शकते. पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे कोणत्याही परदेशी ॲपमध्ये सापडत नाही. जिल्हा रुग्णालयातील अशी संभाषणे रुग्णाच्या संमतीने, ओळख झाकून ध्वनिमुद्रित करावीत, त्यांवर अनुभवी वैद्यांचे भाष्य जोडावे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना वॉर्डात पाठवण्याआधी ऐकवावे. त्यासाठी लागते एक ध्वनिमुद्रक, एक शांत खोली आणि निवृत्त झालेला पण अजून शिकवण्याची हौस असलेला एखादा अध्यापक. असे अध्यापक आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. विद्यापीठाने त्यांच्या घरी निरोप धाडावा.